नाशिकच्या सरकारी कार्यालयात नव्याने रुजू झालात? निरोप, फराळ, हुर्डा आणि वर्गणीचा कागद

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत टेबलावर दोन प्रकारचे कागद येतात. एक आस्थापना शाखेचे: सेवापुस्तक, बँक खाते, नामनिर्देशन. दुसरा साधा फुलस्केप, त्यावर पेनने लिहिलेलं ‘श्री. अमुक यांचा सेवापूर्ती समारंभ’, खाली नावं आणि नावांपुढे रकमा. पहिल्या कागदांबद्दल प्रशिक्षणात तासभर तरी बोलतात, दुसऱ्याबद्दल कुणीच काही सांगत नाही. हा लेख त्या दुसऱ्या कागदाबद्दल आहे.

सीबीएस बस स्थानकाजवळचं जिल्हाधिकारी कार्यालय असो, त्र्यंबक रोडची जिल्हा परिषद असो, राजीव गांधी भवनातली महापालिका असो, नाशिकरोडचं विभागीय आयुक्त कार्यालय असो की एखादं तहसील, रीत थोडीफार बदलते. पण सगळीकडे एक कसोटी लागू पडते. कार्यक्रमाचा पैसा कुणाच्या खिशातला, वेळ कुणाचा आणि गाडी कुणाची, या तीन प्रश्नांची उत्तरं उद्या कुणी विचारली तर न अडखळता देता आली पाहिजेत. ती देता येत असतील, तर बाकी चुका चहाच्या कपावर मिटतात.

वर्ष कसं फिरतं

मार्चमध्ये काही ठरवू नका. ३१ मार्चपर्यंत देयकं, कोषागार आणि खर्चाचे ताळमेळ एवढंच चालतं. खरा हंगाम एप्रिल-मेमध्ये सुरू होतो. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या याच दोन महिन्यांत होतात आणि त्याच काळात निवृत्तीचीही लाट येते. तिचं कारण शाळेच्या दाखल्यात आहे. पूर्वी गुरुजी प्रवेशाच्या वेळी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहीत. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. राज्य शासनात वय ५८, चतुर्थ श्रेणीला ६०. त्यामुळे ३१ मे रोजी एकाच कार्यालयात तीन-तीन निरोप असतात आणि शहरातला फुलवाला, शाल-श्रीफळवाला, फ्रेमवाला सगळे एकदमच अडतात. मे अखेरचा कार्यक्रम असेल तर फ्रेम २० तारखेपर्यंत टाका. २९ तारखेला टाकलेल्या फ्रेममध्ये नावाची वेलांटी चुकते आणि ती दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

पुढे १ ऑगस्टचा महसूल दिन, मग स्वातंत्र्यदिन, गणपती, नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळीचा फराळ, डिसेंबर-जानेवारीत हुर्डा, ३१ डिसेंबर, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि २६ जानेवारीचं झेंडावंदन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या तीन दिवशी सुट्टी असली तरी ध्वजारोहणाला हजर राहायचं असतं, हे नव्यांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षी कळत नाही. हजेरी घेतात. नंतरचा नाश्ता आणि जिलेबी हाच त्या दिवसाचा अनौपचारिक परिचय समारंभ असतो. झेंडा वर गेला की पाठ फिरवू नका. ज्यांची सही घ्यायला एरवी दोन दिवस जातात, ते त्या सकाळी हातात द्रोण घेऊन उभे असतात.

वेळ जनतेचा आहे

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ पावणेदहा ते सव्वासहा, जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास. म्हणजे कामाच्या दिवशी कार्यक्रमाला कायदेशीर जागा दोनच: तो अर्धा तास किंवा सव्वासहानंतर. प्रत्यक्षात निरोप साडेचार-पाचला सुरू होतात, कारण नाशिकरोडहून मनमाड किंवा इगतपुरीला अप-डाउन करणाऱ्यांना गाडी गाठायची असते. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस रिकाम्या खुर्च्यांचा व्हिडिओ काढतो, तेव्हा गाडीच्या वेळेचं कारण कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून: जनतेशी संबंध येणाऱ्या प्रत्येक टेबलावर एक माणूस बसलाच पाहिजे. आवक-जावक, सेतू, अभिलेख कक्ष ही टेबलं तर हलवायचीच नाहीत. नवे असाल तर हे राखणदाराचं काम बहुधा तुमच्याकडे येईल. तोंड पाडू नका. पहिल्याच वर्षी ‘मी थांबतो, तुम्ही जाऊन या’ म्हणणाऱ्याला जुनी माणसं विसरत नाहीत. शिवाय वडा तुमच्या टेबलावर पोहोचतोच.

वर्गणी: क्रमाने

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

आधी नियम. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांत वर्गणी, भेटी आणि सत्कार यांसाठी वेगवेगळे नियम आहेत. शिकवणी म्हणून एकदा वाचून काढा, फार मोठे नाहीत. नाशिकमध्ये केंद्राची कार्यालयंही आहेत: टपाल, आयकर, रेल्वे. केंद्रीय नागरी सेवेतल्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, त्यांतला नियम १४ सत्कार-समारंभांचा आहे. बदली किंवा निवृत्तीचा खाजगी, अनौपचारिक निरोप त्याला चालतो. वर्गणीसाठी दबाव चालत नाही, आणि गट ‘क’ किंवा ‘ड’ मधल्यांकडून (लिपिक, शिपाई वगैरे) त्या गटांबाहेरच्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी वर्गणी कोणत्याही परिस्थितीत घेता येत नाही. राज्यात काम करत असलात तरी हीच मर्यादा स्वतःला घालून घेतलेली बरी. साहेबांच्या निरोपासाठी शिपायाकडून शंभर रुपये घेणं नियमाआधी मनाला खटकायला हवं.

आता कृती. पहिल्यांदा खर्चाचा अंदाज काढायचा, रक्कम त्यानंतर ठरवायची. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी ‘पाचशे-पाचशे काढू’ ठरतं, मग पैसे आहेत म्हणून भेटवस्तू फुगत जाते.

समजा, कार्यालयातून एक लिपिक निवृत्त होत आहेत आणि त्यांना सोडून ३२ जण आहेत. अधिकारी ४, वरिष्ठ कर्मचारी ८, लिपिक १४, चतुर्थ श्रेणी ६. अधिकाऱ्यांकडून पाचशे, वरिष्ठांकडून तीनशे, लिपिकांकडून दोनशे, चतुर्थ श्रेणीकडून काही नाही. जमा ७,२००. खर्च: भेट ३,०००, शाल, श्रीफळ, हार ७००, नाश्ता घरच्यांसह ४० जणांचा, साठ रुपयांनी २,४००, फोटो आणि फ्रेम ४००. एकूण ६,५००. उरले सातशे. हे सातशे रुपयेच भांडणाचं मूळ असतात. त्यांचं काय करायचं ते गोळा करतानाच सांगून टाका: पुढच्या कार्यक्रमाला जमा.

कागदावर नावं लिहा, पण नावापुढे रक्कम लिहू नका. नुसती टिक करा. रकमांची यादी सगळ्या मजल्यावर फिरली की ज्याने कमी दिले तो दिवसभर मान खाली घालून बसतो, आणि नियमाच्या भाषेत तोच दबाव ठरतो. एखादा नाही म्हणाला तर कारण विचारायचं नाही. एकाच घरातली दोघं त्याच कार्यालयात असतील तर एकच वर्गणी घ्यावी, असा चांगला रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे.

पैसे एकाच माणसाच्या फोनवर येणार असतील तर त्या माणसाने कार्यक्रमानंतर तीन दिवसांत हिशेब ग्रुपवर टाकायचा, बिलांच्या फोटोंसह. स्वतःच्या खात्यातल्या किराण्याच्या व्यवहारांत कार्यालयाचे पैसे मिसळले की महिन्याने कुणालाच काही आठवत नाही. काही शाखा दरमहा शंभर रुपयांचा कायमचा फंड ठेवतात. ती पद्धत सर्वांत चांगली, कारण एकदम मोठी रक्कम मागावी लागत नाही.

नव्या माणसाने पहिलं वर्षभर रोकड हातात घेऊ नये. यादी लिहा, आठवण करा, सामान आणा, पण पेटीची किल्ली जुन्याकडे असू द्या. तहसीलमध्ये नाझर (रोकड सांभाळणारा कर्मचारी) असतोच आणि कार्यक्रमाचं सामान कुठे स्वस्त मिळतं ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मात्र सरकारी तिजोरीचा नाझर आणि वर्गणीचा खजिनदार एकच माणूस नसावा. दोन वेगळ्या नोटांची बंडलं एकाच कपाटात ठेवली की अचानक तपासणीच्या दिवशी त्याचा रक्तदाब वाढतो, कारण खाजगी रोकड किती आणि सरकारी किती हे तिथल्या तिथे दाखवावं लागतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ठेकेदार, पुरवठादार, वकील, बिल्डर, दस्तलेखक किंवा ज्याची फाइल तुमच्या इमारतीत कुठेही फिरते आहे असा कुणीही ‘जेवणाचं माझ्याकडे लागलं’ म्हणाला, तर हसून नाही म्हणायचं. ‘साहेबांना चालतं’ असं कुणी सांगितलं तरी. नकार एका वाक्यात द्या: ‘आमची वर्गणी झाली आहे.’ यावर वाद घालता येत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर बहुधा असतोच. फोन करणारा कधी बाहेरचा असतो, कधी आतलाही.

निरोप समारंभ चालवायचा कसा

निवृत्तीच्या दिवशी आधी कागद, मग हार. पदभाराची यादी, प्रलंबित प्रकरणांची नोंद, कपाटाच्या किल्ल्या, ओळखपत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश, हे सगळं दुपारी चारपर्यंत उरकायला हवं. पाचला समारंभ आणि सहाला ‘अहो, एक सही राहिली’ म्हणून हार घातलेल्या माणसाला पुन्हा टेबलावर बसवणं फार वाईट दिसतं.

जागा सभागृहात असेल तर आरक्षण लेखी घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत व्हिडिओ कॉन्फरन्स अचानक लागते आणि सभागृह जातं. पर्यायी खोली हेरून ठेवा. ध्वनिक्षेपक तासभर आधी लावून बघा.

क्रम साधा ठेवा. प्रास्ताविक दोन मिनिटं. सत्कार. सहकाऱ्यांची मनोगतं, चारपेक्षा जास्त नाहीत आणि प्रत्येकी तीन मिनिटं. त्यांत एक तरी शिपाई किंवा वाहनचालक असावा. सर्वांत खरं तोच बोलतो. मग घरच्यांपैकी कुणी बोलू इच्छित असेल तर ते, मग अध्यक्षीय, शेवटी सत्कारमूर्ती. सत्कारमूर्तीनंतर कुणीही बोलायचं नाही. आभार त्यांच्या आधी उरका. हा क्रम मोडला की माणूस डोळे पुसत बसलेला असतो आणि सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार मानत असतो.

मनोगतात काय बोलायचं नाही: कोणत्या प्रकरणात साहेबांनी कसं ‘निभावून नेलं’ ते. आजकाल कोण ना कोण रेकॉर्ड करत असतं. ‘आता नातवंडांत रमा’ हेही टाळा. नातवंडं नसलेल्या माणसाला ते लागतं. एक ठोस काम सांगा. २०१५ च्या सिंहस्थात त्यांनी कोणत्या घाटावर किती रात्री काढल्या, कोणती जुनी नोंद कुठल्या बस्त्यात शोधून काढली. नाशिकच्या जुन्या कर्मचाऱ्याकडे कुंभमेळ्याची एक तरी आठवण असतेच. आधी दोन दिवस त्यांच्या टेबलाशेजारच्या माणसाला विचारून घ्या.

जोडीदाराचा सत्कार ही नाजूक जागा आहे. पत्नीला साडी, खण-नारळ, हळदीकुंकू अशी पद्धत आहे. निवृत्त होणाऱ्या मॅडम विधवा असतील तर कुंकवाचा करंडा पुढे आल्यावर सगळी खोली अवघडते. उपाय सोपा आहे: हळदीकुंकू कुणालाच नाही, सगळ्यांना फूल आणि पुस्तक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. ते पत्र गावोगाव पाठवणाऱ्या कार्यालयात करंडा फिरत राहणं शोभत नाही.

भेटवस्तू घरच्यांना विचारून घ्या. मुलामा दिलेली मूर्ती आणि भिंतीवरचं घड्याळ ही दोन्ही त्यांच्या घरी आधीच असतात, पूर्वीच्या बदल्यांमधली. माणूस कळवण-सटाण्याकडे गावी परतणार असेल तर मोठी फ्रेम गाडीत मावत नाही, हेही बघा. चांगली पादत्राणं, ब्लँकेट, मिक्सर, शेतीचा फवारणी पंप, असं काहीही चालतं. कागदी पाकिटात रोख देऊ नका. घेणाऱ्यालाही ते अडचणीचं. भेटीच्या रकमेची मर्यादा वेळोवेळी बदलते, तेव्हा आस्थापना शाखेकडून चालू आकडा विचारून घ्या.

नाश्त्याचं आणि हुर्ड्याचं माप

नाशिकमध्ये गर्दी जमवायची असेल तर मिसळीला पर्याय नाही. कार्यालयात मिसळ करताना चूक एकच होते: आधी वाट्या भरून ठेवतात. फरसाण भिजतं आणि भाषण संपेपर्यंत लगदा होतो. मटकी, रस्सा, फरसाण, कांदा वेगवेगळं ठेवा आणि माणूस समोर आला की वाटी भरा. ४० जणांसाठी कोरडी मटकी दोन किलो (मोड आणायला दीड-दोन दिवस आधी भिजवायला हवी, थंडीत जास्त), फरसाण तीन किलो, कांदा अडीच किलो, लिंबं वीस, दही तीन किलो, पाव माणशी तीन म्हणजे १२० आणि वर वीस. रस्सा बारा लिटर लागतो, त्यावर तीन लिटर जादा ठेवा, कारण दुसऱ्यांदा सगळे रस्साच मागतात. तर्री वेगळ्या भांड्यात. काळ्या मसाल्याचा ठसका सगळ्यांना सोसत नाही आणि मधुमेह-अॅसिडिटीचं वय कार्यालयात बहुसंख्येने असतं.

इतर मापं पटकन: पेढे किलोत साधारण ४०-४५ येतात; चिवडा माणशी ५० ग्रॅम पुरतो; जिलेबी किलोत दहा-बारा जणांची; चहा लिटरमागे दहा कप, कटिंग असेल तर तेरा-चौदा. कोजागरीचं मसाला दूध माणशी २०० मिली धरा. आटून कमी होतं म्हणून ५० जणांना बारा लिटर दूध घ्या आणि साखर लिटरमागे ८० ग्रॅम, नंतर चाखून वाढवा.

तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, काहींचा गुरुवार, काहींचा शनिवार. संकष्टीच्या दिवशी मिसळ ठेवली तर निम्मं कार्यालय साबुदाणा शोधत बसतं. श्रावणात कांदा-लसूण न खाणारेही असतात. मटणाचा बेत असेल तर तो कार्यालयाचा कार्यक्रम म्हणून नाही, ज्यांना खायचं त्यांनी वेगळा. गटारीचा बेत तर कार्यालयाच्या ग्रुपवर चर्चेलाही आणू नका.

हुर्डा ही नाशिककरांची थंडीतली खरी पार्टी. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा काळ. शेतकऱ्याला आठवडाभर आधी विचारून ठेवा, कारण कणीस हुर्ड्याच्या अवस्थेत फार दिवस राहत नाही. दाणा दुधाळ असला तर चिकट होतो, निबर झाला तर दात दुखतात. सुरती किंवा गूळभेंडी ज्वारी असेल तर उत्तम. माणशी १५० ते २०० ग्रॅम सोललेला हुर्डा पुरे. पहिल्यांदा आलेले कमी खातात, जुने दुप्पट. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, बोरं, ऊस, ताक. मग वांग्याचं भरीत आणि भाकरी. आगटी गोवऱ्यांचीच हवी. लाकडावर बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो. आगटीजवळ चोळणारी दोन माणसं पैसे देऊन ठेवा. शिपाईमामांना ‘जरा बघा ना’ म्हणून तिथे बसवू नका. सुट्टीच्या दिवशी ते तुमच्यासारखेच पाहुणे आहेत.

जागा निवडताना ‘अमक्याचं फार्महाउस फुकट मिळतंय’ हा मोह आवरा. गंगापूर रोड-मखमलाबादकडे भाड्याने मिळणाऱ्या जागा भरपूर आहेत. पावती घ्या आणि जपून ठेवा. फुकट फार्महाउसच्या मालकाचं अकृषिक प्रकरण कुठल्यातरी टेबलावर असतंच, आणि झोपाळ्यावरचा तुमचा फोटो तोच पुढे पाठवतो.

दिवाळी आणि नवरात्र

दिवाळीत घरचा फराळ डब्यातून आणून एकत्र खाणं हा वर्षातला सर्वांत सोपा आणि सर्वांत चांगला कार्यक्रम. कुणी काय आणायचं ते आधी वाटून घ्या, नाहीतर सात डबे चकलीचे येतात. एकटे राहणारे नवे कर्मचारी विकतचा चिवडा आणतात. नाशिकमध्ये त्यात कमीपणा नाही, चिवडा इथे बाहेरूनच आणतात.

बाहेरून येणारी सुक्या मेव्याची खोकी मात्र परत करायची. टेबलावर कुणी ठेवून गेलं तर त्याच दिवशी कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा, तारीख टाकून. ‘सगळ्यांनी वाटून खाल्लं’ हे उत्तर चौकशीत चालत नाही.

नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या असतात. पहिल्या दिवसाचा रंग वारावरून ठरतो: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा. पुढचे रंग वर्तमानपत्रात येतात. शनिवार-रविवार सुट्टीचे, म्हणून प्रत्यक्षात पाच ते सात रंग लागतात. तेवढ्यासाठी नव्या साड्या घ्यायला नकोत, ओढणी चालते. रंग न घातलेल्या मॅडमना ‘आज विसरलात?’ असं पुरुषांनी विचारायचं नाही. कपड्यांवरची कोणतीही टिप्पणी नाही, फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि काढलेला फोटो दुसऱ्या ग्रुपवर तर नाहीच. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती लागते, आणि कामानिमित्तची बाहेरची जागा व प्रवासही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. समितीवर कोण आहे ते नव्या महिला कर्मचाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच फलकावर बघून ठेवावं.

सहल आणि ३१ डिसेंबर

शनिवारी निघून रविवारी परत, एवढीच सहल झेपते. मुख्यालय सोडण्याची परवानगी आधी घ्या. सुट्टी असली तरी ती लागते. सरकारी गाडी नाही, सरकारी चालक नाही, डिझेलही नाही. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा आणि सामान धरून चौदा माणसं बसवा. भंडारदरा, इगतपुरी-भावली सोयीचं. सापुताऱ्याला जाणार असाल तर हद्दीपलीकडे गुजरात लागतो: गाडीला परराज्याचा परवाना हवा आणि तिथे दारूबंदी आहे, त्यामुळे कुणाच्या पिशवीतली बाटली सगळ्या गाडीला ठाण्यात नेते.

पावसाळ्यात महसूल, जलसंपदा आणि महापालिकेच्या लोकांनी आगाऊ पैसे भरू नयेत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी चढू लागलं की सगळ्यांना परत बोलावतात. सिंहस्थाच्या काळात, म्हणजे २०२७ मध्ये, रजेचा आणि सहलीचा विचारच नको.

३१ डिसेंबरबद्दल थोडक्यात. कार्यालयाच्या आवारात किंवा शासकीय निवासस्थानांच्या गच्चीवर दारू नाही. बाहेर काय करायचं ते तुमचं, पण पिऊन गाडी चालवू नका. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा होतो, आणि कोणत्याही कारणाने ४८ तासांपेक्षा जास्त अटकेत राहिलं तर कर्मचारी निलंबित मानला जातो. परिविक्षा कालावधीतल्या माणसाला हे सर्वांत महाग पडतं. न पिणाऱ्याला ‘थोडी तरी’ म्हणून आग्रह होतो. त्यावर ‘सकाळी गाडी चालवायची आहे’ हे उत्तर पुरतं.

रोजचं: हाक, डबा, ग्रुप

वरिष्ठांना साहेब, मॅडम. लिपिकांना अनेक ठिकाणी भाऊसाहेब म्हणतात. वयाने मोठ्या शिपायांना मामा, सफाई करणाऱ्या बाईंना मावशी. जुन्या लोकांना नाना, आप्पा, अण्णा अशी घरची नावं चिकटलेली असतात. ती तुम्ही पहिल्या दिवसापासून वापरू नका. कुणीतरी स्वतःच ‘मला नाना म्हण’ म्हणेपर्यंत आडनावापुढे साहेब लावा.

डबा कुणाबरोबर खायचा हे पहिल्या महिन्यात ठरतं, आणि ते जातीवर किंवा तालुक्यावर ठरू देऊ नका. प्रत्येक कार्यालयात असे दोन-तीन गट असतात. आठवड्याला वेगवेगळ्या टेबलावर बसलात की कुणाचेच होत नाही आणि सगळ्यांचे होता. चहाचं बिल कुणी दिलं ते लक्षात ठेवा. तीन वेळा दुसऱ्याने दिलं की चौथ्यांदा टपरीवाल्याकडे तुमचा हात आधी गेला पाहिजे. पहिल्या पगाराला पेढे द्या, हॉटेलात पार्टी देऊ नका. एकदा दिली की तीच तुमची पायरी ठरते आणि तुमच्यानंतर लागणाऱ्या पोराला कर्ज काढून ती चढावी लागते.

कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवस, दुःखद बातमी आणि वर्गणीचा हिशेब, एवढंच. राजकीय पोस्ट पुढे पाठवणं वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि आचारसंहिता लागली की त्याची तक्रार थेट निवडणूक शाखेत जाते. कार्यालयीन वेळेतले नाश्त्याचे फोटोही सव्वासहानंतरच टाका.